अंकपाश सोडविताना

दिलेल्या अंकांपासून एकंदर किती संख्या तयार होतील, हा प्रश्न शाळेतील शिष्यवृत्ती परीक्षेपासून तो थेट लोकसेवा आयोगाच्या परीक्षेपर्यंत निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा पुढे येतो. आणि वरकरणी तो इतका निरुपद्रवी दिसतो की, गुणाकार-भागाकारात तरबेज असलेला विद्यार्थीही त्याच्याकडे फारशा गांभीर्याने न पाहता हाताला येईल ते सूत्र लावून मोकळा होतो आणि हकनाक गुण गमावून बसतो. उत्तर चुकते ते गणित कच्चे असल्यामुळे नव्हे. दोन-तीन लहान संख्यांचा गुणाकार यापलीकडे या प्रश्नात क्वचितच काही करावे लागते. चूक होते ती प्रश्नातील अटींची नीट रुजवात न घेतल्यामुळे, आणि कोणते स्थान आधी भरावयाचे याचा विचार न केल्यामुळे. प्रस्तुत लेखात जे काही सांगावयाचे आहे त्याचे मर्म एवढेच की, ज्या स्थानावर निर्बंध अधिक, ते स्थान आधी भरावे. बाकीचा सारा तपशील या एका धोरणाची अंमलबजावणी होय.

हा विषय आपल्याकडे परका नाही. शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, भास्कराचार्यांनी जो 'सिद्धांतशिरोमणी' रचला, त्यातील पाटीगणिताचा भाग म्हणजे 'लीलावती', आणि त्या 'लीलावती'चे अखेरचे प्रकरण 'अंकपाश' या नावाने ओळखले जाते. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे जो प्रसिद्ध शिलालेख आहे आणि ज्याची ओळख विद्वानांना डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात करून दिली, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. ज्या प्रश्नांसाठी आज पालक बाजारातून मार्गदर्शिका विकत आणतात, तेच प्रश्न त्या मठातील शिष्य खानदेशच्या भूमीत आठशे वर्षांपूर्वी सोडवीत असतील, असे मानावयास काहीच हरकत नाही.

अंकपाशातील पहिले उदाहरणच आपल्या कामाचे आहे. २ आणि ८ या दोन अंकांपासून, तसेच ३, ९ आणि ८ या तीन अंकांपासून, आणि त्यानंतर २ पासून ९ पर्यंतच्या आठ अंकांपासून किती निरनिराळ्या संख्या होतील, आणि त्या सर्वांची बेरीज किती भरेल, असे आचार्यांनी विचारले आहे. पहिल्याचे उत्तर कोणीही तोंडी देईल: २८ आणि ८२. दुसऱ्यासाठी कागद घ्यावा व लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने संख्या मांडाव्या: ३८९, ३९८, ८३९, ८९३, ९३८, ९८३. सहाच होतात. आता या सहांकडे नुसते उत्तर म्हणून न पाहता रचना म्हणून पाहावे. शतकस्थानी तिन्ही अंकांना बसण्याची मुभा होती. त्यांपैकी एक तेथे बसल्यावर दशकस्थानासाठी दोन उरले. आणि एककस्थानासाठी उरलासुरला एक. तीन, दोन आणि एक यांचा गुणाकार सहा. आठ अंकांच्या बाबतीत कागदावर मांडत बसण्याचे कारणच नाही. आठापासून एकापर्यंत गुणाकार करीत गेले की ४०,३२० हे उत्तर मिळते.

येथे एक शंका विद्यार्थ्याने विचारलीच पाहिजे, आणि न विचारल्यास शिक्षकाने ती त्याच्याकडून काढून घेतली पाहिजे: गुणाकारच का, बेरीज का नव्हे? शतकस्थानाची निवड ही निर्णयाची पहिली पायरी. त्या प्रत्येक निवडीच्या पोटात दशकस्थानाच्या दोन-दोन निवडी जन्म घेतात. म्हणून त्या तीनदा दोन होतात. जेथे एक काम झाल्यावर त्याच संख्येसाठी दुसरेही काम करावयाचे असते, तेथे गुणाकार. आणि जेथे संख्येचे दोन अलग वर्ग पडतात, ज्यांत एका वर्गातील संख्या दुसऱ्या वर्गात असूच शकत नाही, तेथे दोन्ही वर्गांची बेरीज. हा भेद एकदा मनात ठसला म्हणजे सूत्रे पाठ करण्याची निकड राहत नाही. माझे तर असे स्पष्ट मत आहे की, या विषयात मुलांना सूत्र प्रथम देणे हा अपकार आहे. सूत्र हाती आले की ते कोठे लागू पडते याचा विचार करण्याचे मूल आपोआप टाळू लागते.

प्रश्न हाती आल्यावर पेन उचलण्यापूर्वी काही गोष्टींची खातरजमा करून घ्यावी. एक अंक एकदाच वापरावयाचा आहे, की त्याची पुनरावृत्ती चालणार आहे? ३, ८, ९ यांपासून पुनरावृत्तीस मनाई असताना तीन अंकी संख्या सहा होतात. परंतु मुभा असली तर प्रत्येक स्थानी तिन्ही अंक उपलब्ध राहतात व तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस संख्या होतात. दिलेले सगळे अंक वापरावयाचे आहेत की त्यांपैकी काहीच? नऊ अंकांपैकी निरनिराळे सहा घेऊन सहा स्थाने भरावयाची, हाही प्रश्न 'लीलावती'त आहे, आणि त्याचे उत्तर ९, ८, ७, ६, ५ आणि ४ यांचा गुणाकार, म्हणजे ६०,४८०. शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची चौकशी म्हणजे, दिलेल्या अंकांत शून्य आहे काय? आचार्यांनी या प्रकरणात घेतलेल्या अंकांच्या पंक्तीत शून्य कोठेच येत नाही, त्यामुळे त्यांचा हिशेब विनातक्रार चालतो. आपल्या परीक्षकांना मात्र शून्यावाचून चैन पडत नाही.

शून्याची अडचण अशी की, ते संख्येच्या अग्रस्थानी बसले तर संख्येचे एक स्थानच नाहीसे होते. ०२३४ ही चार अंकी संख्या नव्हे, ती २३४ होय. म्हणून ०, १, २, ३, ४, ५ या सहा अंकांपासून, एक अंक एकदाच वापरून, चार अंकी संख्या किती, असे विचारले तर सहस्रस्थानापासूनच आरंभ करावा, कारण निर्बंध त्या स्थानावर आहे. तेथे शून्याखेरीज पाच अंक चालतील. शतकस्थानी आता शून्यालाही प्रवेश आहे, पण एक अंक खर्ची पडलेला असल्यामुळे पुन्हा पाचच. दशकस्थानी चार, एककस्थानी तीन. पाच पंचे पंचवीस, पंचवीस चोक शंभर, शंभर त्रिक तीनशे. हेच आरंभ एककस्थानापासून करून पाहिले असते तर सहा, पाच, चार असे घोडे दौडत आले असते आणि सहस्रस्थानाशी येऊन अडले असते. कारण शून्य मागे कोठे वापरले गेले की अद्याप हाती शिल्लक आहे, हे तेथे सांगता येत नाही. गणिताने असे अडणे हा शुभ संकेत समजावा. आपण चुकीच्या दाराने आत शिरलो, एवढेच तो सांगत असतो.

आता त्याच सहा अंकांपासून चार अंकी समसंख्या किती, असे विचारल्यास प्रकरण अधिक रंगतदार होते, आणि बहुसंख्य विद्यार्थी घसरतात ते याच ठिकाणी. समसंख्येचा निर्बंध एककस्थानावर, शून्याचा निर्बंध सहस्रस्थानावर. दोन स्थाने सारखीच मानी. लग्नाच्या पंगतीत व्याही आणि विहीणबाई यांचे पाट आधी मांडून मग इतरांना वाटेल तेथे बसण्यास सांगणारा यजमान जसा निर्धास्त असतो, तसेच येथे करावे. परंतु एककस्थानी ०, २ आणि ४ हे तीन अंक चालतात म्हणून तेथे सरसकट तीन लिहून पुढे जाता येत नाही. कारण एककस्थानी शून्य बसले तर सहस्रस्थानावरची मनाई आपोआप उठते, आणि २ किंवा ४ बसले तर ती तशीच कायम राहते. म्हणून दोन वर्ग पाडणे भाग आहे. एककस्थानी शून्य असता सहस्रस्थानी पाच, शतकस्थानी चार व दशकस्थानी तीन, एकूण ६०. एककस्थानी २ किंवा ४ असता, एककाचे दोन प्रकार, सहस्रस्थानी तो अंक व शून्य वगळून चार, शतकस्थानी चार, दशकस्थानी तीन, एकूण ९६. दोन्ही वर्ग अलग असल्यामुळे बेरीज १५६.

उत्तराचा पडताळा ताबडतोब घ्यावा. विषमसंख्या किती हे स्वतंत्रपणे काढावे: एककस्थानी १, ३, ५ यांपैकी कोणताही, म्हणजे तीन; सहस्रस्थानी चार; शतकस्थानी चार; दशकस्थानी तीन; एकूण १४४. संख्या सम तरी असणार किंवा विषम तरी. तेव्हा १५६ आणि १४४ यांची बेरीज मघाच्या ३०० शी जुळलीच पाहिजे, आणि ती जुळते. जुन्या फडणीस-दफ्तरांत जमा आणि खर्च यांचा मेळ बसल्यावाचून कारकुनाला घरी जाण्याची परवानगी नसे म्हणतात. तो करडा नियम विद्यार्थ्याने या प्रकरणापुरता तरी स्वतःला लावून घ्यावा.

पाचाने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना हीच रीत लागते: एककस्थानी शून्य असता ६०, पाच असता ४८, मिळून १०८. चाराच्या भाज्यतेत शेवटची दोन स्थाने एकत्र पाहावी लागतात. आपल्या अंकांपासून ०४, १२, २०, २४, ३२, ४० आणि ५२ एवढीच शेपटे संभवतात. ज्यांत शून्य खर्ची पडले आहे अशा तीन शेपटांपुढे राहिलेल्या चार अंकांतून दोन स्थाने बारा प्रकारे भरतात. ज्यांत ते खर्ची पडलेले नाही अशा चार शेपटांपुढे सहस्रस्थानी तीन व शतकस्थानी तीन असे नऊच प्रकार होतात. छत्तीस आणि छत्तीस, म्हणजे ७२.

तिनाच्या भाज्यतेला मात्र शेपूट उपयोगी पडत नाही. तेथे अंकांच्या बेरजेकडे पाहावे लागते, आणि येथे एक युक्ती सांगण्याचा मोह मला आवरत नाही. सहा अंकांपैकी चार घ्यावयाचे, म्हणजेच दोन टाकावयाचे. सहाही अंकांची बेरीज १५, तिला तिनाने भाग जातो; तेव्हा घेतलेल्या चारांच्या बेरजेला भाग जावयाचा असेल तर टाकलेल्या दोहोंच्या बेरजेलाही गेला पाहिजे. अशा जोड्या अगदी थोड्या: ० आणि ३, १ आणि २, १ आणि ५, २ आणि ४, ४ आणि ५. पहिली जोडी टाकली तर हाती १, २, ४, ५ राहतात, शून्याची कटकटच नाही, चोवीस संख्या. बाकीच्या चार जोड्यांपैकी कोणतीही टाकली तरी शून्य हाती राहते, म्हणून प्रत्येकी चोवीसांतून अग्रस्थानी शून्य असलेल्या सहा वजा जाता अठरा. चार वेळा अठरा ७२, त्यांत चोवीस मिळविता ९६. काय घ्यावे यापेक्षा काय टाकावे हे मोजणे पुष्कळदा सोपे पडते, याचा हा सुरेख दाखला आहे.

'अमुक संख्येपेक्षा मोठ्या' अशा प्रश्नांत सीमेवरच्या अंकाचा तेवढा स्वतंत्र विचार करावा. वरील संख्यांपैकी २४०० पेक्षा मोठ्या किती? सहस्रस्थानी ३, ४ किंवा ५ असेल तर प्रत्येकी साठ, एकूण १८०, आणि तेथे पुढचे काही पाहण्याचे कारण नाही. सहस्रस्थानी २ असेल तर मात्र शतकस्थानी ४ किंवा ५ च हवा; प्रत्येकी बारा, म्हणून २४. एकूण २०४. सीमा असलेली २४०० ही संख्या शून्य दोनदा आल्यामुळे आपल्या यादीत मुळातच नाही, पण एरवी ती धरावयाची की सोडावयाची हे 'पेक्षा मोठ्या' आणि 'किंवा त्याहून मोठ्या' या शब्दयोजनेवरून ठरते, आणि परीक्षक शब्द उगाच योजीत नाही.

शून्याविषयी आणखी एक खुलासा आवश्यक आहे. अग्रस्थानी शून्य नको हा नियम संख्येचा आहे, अंकांच्या रांगेचा नव्हे. बँकेच्या यंत्रातून पैसे काढण्यासाठी जो चार अंकी गुप्त क्रमांक लागतो, प्रवासी पेटीला जे आकड्यांचे कुलूप असते, ते ०७२४ ने बेलाशक उघडते. म्हणून कुलपाचे चार आकडे दहा हजार प्रकारे लागतात, पण चार अंकी संख्या नऊ हजारच. एकही अंक पुन्हा न वापरता कुलपाचे प्रकार दहा, नऊ, आठ आणि सात यांच्या गुणाकाराइतके, म्हणजे ५,०४० होतात. चार अंकी संख्या मात्र नऊ, नऊ, आठ, सात यांच्या गुणाकाराइतक्या, म्हणजे ४,५३६. यावरून लगेच असेही कळते की, ज्यांत निदान एक अंक तरी दुसऱ्यांदा आलेला आहे अशा चार अंकी संख्या ९,००० वजा ४,५३६, म्हणजे ४,४६४ आहेत. 'निदान एक' हे शब्द प्रश्नात दिसले की सरळ मोजण्याच्या भानगडीत न पडता एकूणातून वजावट करावी. जाता जाता एक गंमत: ५,०४० ही संख्या एकापासून सातापर्यंतच्या गुणाकाराएवढीही आहे, आणि सात स्वर एकेकदाच घेऊन होणाऱ्या तानांची हीच संख्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त दिली आहे. हा शार्ङ्गदेवही देवगिरीस त्याच सिंघण यादवाच्या आश्रयास होता, ज्याच्या दरबारी चांगदेव ज्योतिषी होता.

दिलेल्या अंकांतच काही अंक सारखे असले म्हणजे काय करावे? भास्कराचार्यांची उदाहरणे येथेही वाट दाखवितात. २, २, १, १ या चार अंकांना वेगवेगळे मानले तर चोवीस मांडण्या होतील. पण दोन दोनांची अदलाबदल केली तरी डोळ्यांना फरक दिसत नाही, आणि दोन एकांचीही तीच गोष्ट. प्रत्येक खरी संख्या अशा रीतीने चारदा मोजली गेली. म्हणून चोवीसांस चाराने भागून सहा. ४, ८, ५, ५, ५ यांत तीन पाच आपसांत सहा प्रकारे जागा बदलतात; म्हणून १२० ला सहाने भागून वीस. जेवढ्यांदा फाजील मोजले तेवढ्याने भागावे, यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

सारखे अंक आणि शून्य दोन्ही एकत्र आले म्हणजे हिशेब कसा करावा हे पुण्याच्या ४११००१ या टपालाच्या पिनकोडावरून पाहू. त्यातील सहा अंक उलटसुलट करून सहा अंकी संख्या किती होतील? एक चार, तीन एक, दोन शून्ये. सहा अंकांच्या ७२० मांडण्यांना, एकांसाठी सहाने आणि शून्यांसाठी दोहोंनी भागता ६०. त्यांतून अग्रस्थानी शून्य असलेल्या वगळल्या पाहिजेत: पुढे एक शून्य ठेवले की मागे ४, १, १, १, ० हे पाच राहतात, त्यांच्या १२० भागिले सहा, वीस मांडण्या. साठातून वीस जाता ४०. दुसऱ्या वाटेनेही जाऊन पाहू. अग्रस्थानी ४ असेल तर राहिलेल्या तीन एक व दोन शून्यांच्या दहा मांडण्या. अग्रस्थानी १ असेल तर ४, १, १, ०, ० यांच्या १२० भागिले चार, तीस. दहा आणि तीस चाळीस. महाराष्ट्र आणि गोवा यांचे पिनकोड चारानेच सुरू होत असल्यामुळे, या चाळीसांपैकी दहाच आकडे आपल्या मुलखातील टपालाचे म्हणून नुसते शोभू तरी शकतील.

बेरजेचा प्रश्न आजकाल कमी विचारला जातो, याची मला खंत वाटते, कारण त्यातील कल्पना फार देखणी आहे. ३८९ इत्यादी सहा संख्यांची बेरीज करावयाची तर त्या एकाखाली एक लिहून ओझे वाहण्याची गरज नाही. प्रत्येक स्थानी प्रत्येक अंक सारख्याच वेळा, म्हणजे दोनदा येतो; म्हणून प्रत्येक स्थानाची बेरीज २० च्या दुप्पट, ४०; आणि ४० एककस्थानी, ४० दशकस्थानी व ४० शतकस्थानी मांडून एकत्र केले की ४० गुणिले १११, म्हणजे ४,४४०. याच रीतीने २, २, १, १ यांच्या सहा संख्यांची बेरीज ९,९९९ येते, आणि २ पासून ९ पर्यंतच्या त्या ४०,३२० संख्यांची बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६० भरते, जी गणकयंत्र नसलेल्या काळात आचार्यांनी लीलया सांगून टाकली. अंकांत शून्य असेल तर आधी त्यालाही पूर्ण मान देऊन बेरीज करावी व मग गैरलागू संख्यांची बेरीज वजा करावी. ०, ३, ७ यांच्या सहा मांडण्यांची बेरीज २,२२०. त्यांतून ०३७ आणि ०७३ यांचे ११० वजा जाता २,११०. आणि ३०७, ३७०, ७०३ व ७३० यांची प्रत्यक्ष बेरीजही तेवढीच आहे.

चढत्या क्रमाने लावलेल्या संख्यांपैकी अमुक क्रमांकाची कोणती, किंवा अमुक संख्येचा क्रमांक कितवा, हे प्रश्न इ. स. १३५६ मध्ये 'गणितकौमुदी' लिहिणाऱ्या नारायण पंडिताने अंकपाशाच्या प्रकरणात सविस्तर हाताळले आहेत. १, २, ३, ४, ५ यांपासून होणाऱ्या १२० पाच अंकी संख्यांत पन्नासावी कोणती? एकाने सुरू होणाऱ्या चोवीस, दोनाने सुरू होणाऱ्या चोवीस, अठ्ठेचाळीस झाल्या. तेव्हा पन्नासावी तिनाने सुरू होणाऱ्यांतील दुसरी: पहिली ३१२४५, दुसरी ३१२५४. उलट, ४३१५२ कितवी? चारापेक्षा लहान तीन अंकांच्या प्रत्येकी चोवीस, म्हणून ७२ मागे पडल्या. दुसऱ्या स्थानी तिनापेक्षा लहान १ व २, प्रत्येकी सहा, म्हणून १२. तिसऱ्या स्थानी एकापेक्षा लहान कोणी नाही. चौथ्या स्थानी पाचापेक्षा लहान २ शिल्लक आहे, म्हणून १. मागे पडलेल्या ८५, म्हणून तिचा क्रमांक ८६. शेवटी एक मिळवावयाचा राहून जातो, तेवढे जपावे.

सर्वांत नजाकतीचे उदाहरण भास्कराचार्यांनी शेवटी ठेवले आहे. पाच स्थाने आहेत, शून्य चालणार नाही, अंक पुन्हा आले तरी चालतील, पण पाचही अंकांची बेरीज १३ झाली पाहिजे. अशा संख्या किती? येथे स्थान-स्थान भरण्याची रीत थकते, कारण प्रत्येक निवडीने पुढच्या साऱ्यांची मोकळीक बदलते. त्याऐवजी असे करावे. कागदावर तेरा टिंबे एका ओळीत काढावी. त्यांच्या मधल्या बारा फटींपैकी कोणत्याही चार फटींत उभी रेघ मारली की टिंबांचे पाच गट पडतात, प्रत्येकात निदान एक टिंब असतेच, आणि डावीकडून त्या गटांतील टिंबे मोजली की संख्येचे पाच अंक मिळतात. बारांतून चार फटी निवडण्याचे प्रकार म्हणजे बारा, अकरा, दहा आणि नऊ यांच्या गुणाकारास, रेघांचा आपसांतील क्रम बिनमहत्त्वाचा असल्यामुळे, चोवीसाने भागावे: ११,८८० भागिले २४, म्हणजे ४९५.

आचार्यांनी येथे एक अट घातली आहे: बेरीज स्थानांची संख्या अधिक नऊ यांपेक्षा कमी असावी, म्हणजे येथे १४ पेक्षा कमी. ती का घातली, याचा विचार करण्यात खरी मौज आहे. चार गटांत एकेकच टिंब असले तर पाचव्यात ९ टिंबे जातात, आणि नऊ हा अंक आहे. बेरीज १४ झाली तर तेथे १० येतील, आणि दहा हा एका स्थानी बसणारा अंकच नव्हे. पण अट ओलांडावयाचीच असेल तर वजावटीचा मार्ग खुला आहे. बेरीज १४ साठी तेरा फटींतून चार, म्हणजे ७१५; त्यांतून एका स्थानी १० आणि इतरत्र एकेक अशा पाच बाद, बाकी ७१०. बेरीज १५ साठी १,००१ मधून किती बाद करावयाच्या, हे वाचकांनी स्वतः काढून पाहावे. ज्या गटात दहा किंवा अधिक टिंबे असतील त्यातून नऊ उचलून घेतली तर राहिलेली सहा टिंबे पाच गटांत पाच प्रकारे विभागतात, असा गट पाचांपैकी कोणताही असू शकतो, आणि उत्तर ९७६ यावयास हवे.